तितियो: 'कम अलाँग'च्या आधीची आणि नंतरची

स्वीडिश गायिका तितियोला कुणी कुणी 'एका गाण्याची गायिका' म्हणतात, ते मला अजिबात पटत नाही. तिचं 'कम अलाँग' हे गाणं युरोपभर गाजलं २००१ साली, पण स्वीडनमध्ये तिचं नाव ऐंशीच्या दशकाच्या शेवटीच झालं होतं. पहिला अल्बम १९९०चा, थेट सोलच्या, म्हणजे कृष्णवर्णीय अमेरिकनांच्या भावपूर्ण गायकीच्या, बाजाचा. वडील आमादू जा सिएरा लिओनचे तालवादक, गायिका नेने चेरी सावत्र बहीण. घरातच लय होती.

'कम अलाँग' लिहिलं कार्डिगन्स या स्वीडिश बँडचा पेटर स्वेनसन आणि केंट या स्वीडिश रॉक बँडचा योआकिम बेरी यांनी. म्हणजे चाल गिटार-पॉपची, गळा मात्र सोलचा! त्या गाण्याची सगळी जादू मला या जोडणीतच वाटते.

स्टॉकहोमला असताना तिला प्रत्यक्ष ऐकलं. हरकती-मुरक्यांचा मारा नाही, आवाज चढवून टाळ्या घेणं नाही. शब्द ठेक्याच्या किंचित मागे ठेवून ती अशा जागा घेते की अंगावर काटा येतो. रेकॉर्डिंगमध्ये हा ठेहराव निम्माच पोचतो.

ज्यांनी एकच गाणं ऐकलंय त्यांनी स्वीडिश संगीतकार क्लेरुपबरोबरचं 'लाँगिंग फॉर ललबाइज' जरूर ऐका. साथीला सिंथेसायझर, तरी तिचा गळा तितकाच उबदार.