मदत हवी आहे: सौताड्यातून विंचरणेच्या काठानं चालण्यासाठी

नोव्हेंबरच्या दुसऱ्या रविवारी 18 जणांचा गट सौताड्याच्या रामेश्वर मंदिराच्या दरीत उतरून विंचरणा नदीच्या काठानं जामखेडच्या दिशेनं चालणार आहे. बेत 8-9 किमीचा. रस्ता सपाट असता तर तीन तास पुरले असते, पण बोरी-बाभळी, घाणेरी आणि दगडगोटे पाहता ताशी दीड-दोन किमीच धरलेत.

पहिला प्रश्न, डावा तीर घ्यावा की उजवा? गुरांची वाट नेमकी कुठल्या बाजूनं आहे आणि कुठं तुटते? बेसाल्टचे ओले दगड शेवाळलेले असतात. कोरडे दिसले तरी सावलीतल्या बाजूला पाय सरकतोच. त्यामुळे नदी जितकी कमी वेळा ओलांडावी लागेल तितकं बरं.

दुसरं, कड्यावर आग्या मोहोळ आहे का? असेल तर अत्तर, धूर, आरडाओरडा बंद ठेवून गट पाच-पाचच्या तुकड्यांत न्यावा लागेल.

पाणी माणशी 3 लिटर आणि ओआरएस. नदीचं पाणी उकळल्याशिवाय प्यायचं नाही. कुसळं मोज्यांत शिरून टोचतात, म्हणून सुती पँट आणि गुडघ्यापर्यंत पट्ट्या. (लोकरी मोजे तर नकोच, एकेक कुसळ वेचत बसावं लागतं.) घोणस-फुरशासाठी प्रत्येकाकडे काठी. दंश झाला तर आवळून बांधायचं नाही, चिरायचं नाही, हातपाय न हलवता थेट दवाखाना गाठायचा.

मुख्य अडचण हीच: मधे गाडी काठापर्यंत येईल अशी पाणंद कुठं आहे? आणि सर्पदंशावरचं प्रतिविष असलेला सर्वांत जवळचा दवाखाना कोणता? सूर्य पावणेसहाच्या सुमारास मावळतो, त्यामुळे चारच्या आत वर निघायचंय.