सह्याद्रीसाठी नवी चारशे सीसी नको, जुनी इम्पल्स शोधा: पटतंय का?

माळावरचा
पटलं नाही तर भांडा, पण आधी पूर्ण वाचा.

पुणे, सातारा, नाशिककडच्या ज्या माणसाला सुट्टीच्या दिवशी डोंगरातल्या कच्च्या वाटेवर गाडी घालायची आहे, त्याने तीन लाखांची ॲडव्हेंचर गाडी हप्त्यावर उचलण्याआधी सेकंडहँडमध्ये हीरो इम्पल्स शोधावी, असं माझं मत आहे.

नव्या पोरांसाठी थोडा इतिहास. हीरो आणि होंडा वेगळे झाल्यावर एकट्या हीरोच्या नावाने ज्या पहिल्या गाड्या आल्या, त्यातली ही. साल २०११. अंगाने ब्राझीलमधल्या होंडा एनएक्सआर ब्रॉसची बहीण. १४९ सीसी, १३ पीएसच्या थोडी वर ताकद, वजन १३४ किलो, ग्राउंड क्लिअरन्स २४५ मिलिमीटर, पुढे १९ इंची चाक, मागे मोनोशॉक, म्हणजे मधोमध एकच शॉक. खपली नाही. शोरूममध्ये लोक विचारायचे, हीरोच्याच हंकएवढंच इंजिन असताना वर पैसे कशाचे? पैसे सस्पेन्शनचे होते, पण शोरूमच्या फरशीवर ते कळणार कसं?

आता वेल्ह्याहून केळदकडे, नाहीतर भोरच्या मागच्या वाड्यांकडे जाणाऱ्या वाटा आठवा. तिथे वेग तीस-चाळीसच्या वर जातच नाही. २५ बीएचपी असले काय नि ४० असले काय, वापरणार कुठे? तिथे प्रश्न असतो वजनाचा. गाडी पडते, सगळ्यांचीच पडते. पडलेली गाडी एकट्याने उचलून पुढे निघता आलं पाहिजे. मोठी गाडी ओढ्यात आडवी झाली की म्हशीसारखी बसते, मालक दगडावर बसून कोणी येतंय का बघतो.

जुनी गाडी असल्यावर ओरखड्याचं दुःख नसतं, हा त्यातला मोठा आनंद. नवी घेतलेले लोक वाट बिकट झाली की गाडीकडे बघतात. मी वाटेकडे बघतो.

खंबाटकी
माळावरचे, लिहिता छान, पण तुमची राईड वेल्ह्यात सुरू होते. आमची घराच्या पार्किंगमध्ये सुरू होते.

हिशोब करा. पुण्याहून कोकणात उतरून परत यायचं तर कच्चा रस्ता किती आणि डांबर किती? बहुतेक दिवस डांबरावरच जातो. खंबाटकीच्या चढाला ट्रकच्या मागे अडकलात, मागे सॅडल बॅग, कधी बायको. १३ पीएसला ओव्हरटेकसाठी चौथ्यातून तिसऱ्यात, तिसऱ्यातून दुसऱ्यात यावं लागतं. तेवढ्यात मागून एसटी हॉर्न देत येते. त्यात ना एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा), मागे ड्रम ब्रेक.

जुनी घ्या हे मला मान्य. पण मग रॉयल एनफिल्डची हिमालयन ४११ घ्या. ३२ न्यूटन मीटर टॉर्क, १५ लिटरची टाकी, पुढे २१ इंची चाक, फोर्कला (पुढच्या शॉकला) २०० मिलिमीटरचा प्रवास. २०१८ पासून एबीएस, २०२० पासून मागच्या चाकाचं एबीएस बंद करायची सोय. २०२३ च्या शेवटी ४५० आली आणि ४११ बंद झाली. त्यामुळे नव्या गाडीसाठी जुनी काढणारे भरपूर आहेत. निवडायला वाव मिळतो. इम्पल्स मात्र मिळेल ती घ्यावी लागते.

माळावरचा
एबीएसचा मुद्दा डांबरावर शंभर टक्के मान्य. बाकी काय, तुम्ही हायवेची गाडी डोंगरात नेता आणि मी डोंगरातली हायवेवरून नेतो. मी ७० ने जातो, चहाला जास्त थांबतो. बीएस-६, म्हणजे २०२० नंतरची हिमालयन १९९ किलो भरते हे लिहायचं राहिलं वाटतं तुमचं.

पाना_चौदा
माझं गॅरेज आहे, त्यामुळे दोघांचीही गिऱ्हाईकं माझ्याकडे येतात. खरं सांगू? तुमची दोघांची भांडणं ताकद-वजनावर चाललीत, आणि जुनी गाडी मरते ती पार्टवाचून.

इम्पल्सचं इंजिन हंक-एक्स्ट्रीमच्या घरातलं. पिस्टन, रिंगा, क्लच प्लेटी, टायमिंग चेन यांना अडत नाही, पुण्यात नाना पेठेत फेरी मारली की काम होतं. पुढचा टायर ९०/९०-१९, म्हणजे जुन्या क्लासिक ३५० चा पुढचा साइज, तोही सगळीकडे मिळतो. अडतं ते बाकीच्याला. फोर्कचे पाइप, मोनोशॉक, टाकी, हेडलाइटचं व्हायजर, बाजूचं प्लास्टिक. ही गाडी कमी विकली गेली, त्यामुळे भंगारातही कमीच येते. मोनोशॉक बसला असेल तर एकतर भरून घ्या किंवा दुसऱ्या गाडीचा जुगाड करा. जुगाड केला की उंची बदलते, मग चेनचा ताण बदलतो, मग गिऱ्हाईक मला शिव्या देतं.

तर जुनी कुठलीही घ्या, इम्पल्स, हीरोचीच नंतरची एक्सपल्स नाहीतर हिमालयन, बघायची पद्धत एकच. मालकाला फोनवर सांगायचं, मी येईपर्यंत गाडी चालू करू नका. गेल्या गेल्या इंजिनला हात लावायचा. गरम लागलं तर इंजिन गार असताना चालू होत नसणार, चहा घ्या आणि गार होईपर्यंत थांबा. चालू केल्यावर रेस देऊन सोडायची. सोडताना निळा धूर आला तर व्हॉल्व्ह सील किंवा रिंगा. मग पुढचं चाक उचलून हँडल हळू फिरवा. मधोमध खटकन अडकलं की कोनसेट (हँडलचं बेअरिंग) गेला. कच्च्यात चाललेल्या गाडीचा कोनसेट जातोच, खर्च फार नाही, पण भाव पाडायला उपयोगी. फोर्कवर बोट फिरवा, तेलकट लागलं तर ऑइल सील. मागचं चाक धरून आडवं हलवा, खेळलं तर स्विंगआर्मचे बुश किंवा बेअरिंग. प्रत्येक स्पोकवर पाना वाजवत जा, ढिला स्पोक बद्द बोलतो. शेवटी खाली झोपा. हो, झोपाच, पँट धुता येते. इंजिनचा तळ आणि ड्रेन बोल्ट बघा. तिथे वेल्डिंग दिसलं तर नमस्कार करून घरी या.

किलोमीटरच्या आकड्यावर जाऊ नका. फूटरेस्टचं रबर आणि ब्रेक पेडलची झीज खोटं बोलत नाही.

रानजाई
चर्चा सगळी सहा फुटी माणसांची चालली आहे. माझी उंची पाच फूट दोन इंच. इम्पल्स, एक्सपल्स दोन्ही चालवून बघितल्या. पाय दोन्हीवर टेकत नाहीत, एका बाजूला सरकून एकच पाय टाकायचा ही सवय करावी लागते. वजन कमी असेल तरच ते जमतं, एवढ्यापुरती मी माळावरचे यांच्या बाजूने.

पण इम्पल्सच का? २०१९ ची कार्ब्युरेटरवाली एक्सपल्स २०० घ्या की! साधारण १५४ किलो, १८ पीएस, पुढे २१ आणि मागे १८ इंची चाक, पुढे १९० मिलिमीटर सस्पेन्शन. सिंगल चॅनल, म्हणजे फक्त पुढच्या चाकाला एबीएस आहे. एक्सपल्सचं घराणं अजून चालू आहे, त्यामुळे तालुक्याच्या हीरो डीलरकडे लिव्हर, केबल, फिल्टर मिळतात. माळावरचे यांनी मांडलेली प्रत्येक गोष्ट एक्सपल्स करते आणि पाना_चौदा यांनी सांगितलेली अडचण येत नाही. वीस किलोसाठी मी पार्ट शोधत हिंडणार नाही.

ओरखड्यांचं म्हणाल, तर ते सेकंडहँड एक्सपल्सवरही आधीच आलेले असतात.

माळावरचा
रानजाई, तुमच्या मुद्द्याला माझ्याकडे तर्काचं उत्तर नाही, आवडीचं आहे. एक्सपल्सला चांगल्या स्थितीत अजून जवळपास दुप्पट मोजावे लागतात आणि ते पैसे मी टायर, हेल्मेट, गुडघ्याच्या गार्डवर आणि पेट्रोलवर घालीन. शिवाय रविवारी सकाळी कार्ब्युरेटर उघडून बसणं मला आवडतं. ज्याला आवडत नाही त्याने एक्सपल्स घ्यावी, बिनधास्त.

रानजाई
मग धाग्याचं नाव "मला गाडी उघडायला आवडते" असं ठेवायचं होतं. तुम्ही "सह्याद्रीसाठी" लिहिलंय.

कागदोपत्री
कोणी कागदांबद्दल बोललं नाही म्हणून. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते. २०१२ च्या सुरुवातीला पासिंग झालेली इम्पल्स २०२७ च्या सुरुवातीला तिथे पोचते. पुढे आरटीओत गाडी दाखवून पाच वर्षांसाठी नूतनीकरण करायचं, दुचाकीची फी एप्रिल २०२२ पासून १,००० रुपये, उशीर केला तर महिन्याला ३०० दंड. पर्यावरण कर वेगळा. हा सगळा खर्च आणि हेलपाटे भाव ठरवताना मालकाच्या पदरात टाकायचे असतात.

एप्रिल २०१९ च्या आधीच्या गाडीला एचएसआरपी (हाय सिक्युरिटी) नंबर प्लेट नंतर लावून घ्यावी लागते, ती लावली आहे का बघा. इंजिन आणि चासी नंबर आरसीशी (नोंदणी पुस्तकाशी) स्वतःच्या डोळ्यांनी जुळवा. परिवहनच्या साइटवर चलन बाकी आहे का, बँकेचा बोजा उतरला आहे का पाहा. गाडी नावावर करायच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या झाल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. "नंतर नावावर करून देतो" म्हणणारा माणूस नंतर फोन उचलत नाही.

जुन्या छोट्या गाडीचा एक फायदाही आहे. थर्ड पार्टी विम्याचा २०२२ मध्ये ठरलेला वर्षाचा दर ७५ ते १५० सीसीला ७१४ रुपये, ३५० पर्यंत १,३६६, त्यापुढे २,८०४. जीएसटी त्यावर. इम्पल्स १४९ मध्ये बसते.

खंबाटकी
पण पंधरा वर्षांनी गाडी भंगारातच ना? दिल्लीत तर उचलून नेतात.

कागदोपत्री
ते दिल्ली-एनसीआरपुरतं. महाराष्ट्रात तपासणीत पास झाली तर गाडी चालते. व्हॉट्सॲपवरचे फॉरवर्ड बघून लोक चांगल्या गाड्या पडत्या भावात काढतात. घेणाऱ्याचं भलं होतं म्हणा.

नवशिका_नाशिक
मला नेमकी हीच सापडली आहे. २०१२ ची, दुसरा मालक, ४२ हजार मागतोय. मला हरसूल, पेठ, घाटघरकडे फिरायचं आहे, कामाला जायला स्कूटर आहे. एक भीती, आता पंपावर सगळीकडे ई-२० (वीस टक्के इथेनॉलचं) पेट्रोल. जुन्या कार्ब्युरेटरला चालेल का?

पाना_चौदा
चालेल, पण लक्ष ठेवावं लागेल. त्या काळची गाडी ई-२० साठी बनवलेली नाही. इथेनॉलने जुने रबरी पाइप, ओ-रिंग आधी कडक नाहीतर फुगीर होतात, म्हणून ते सगळे घेतल्या घेतल्या नवे घाला. कार्ब्युरेटरला नव्या गाड्यांतल्या ईसीयूसारखी (इंजिनच्या कॉम्प्युटरसारखी) अक्कल नसते, मिश्रण जरा पातळ होतं. गरम होऊन फटफटायला लागली तर मेकॅनिककडून जेट बघून घ्या. आणि तुमची गाडी आठवडाभर उभी राहणार, मग घरी आल्यावर पेट्रोलचा कॉक बंद करून कार्ब्युरेटरच्या वाटीतलं पेट्रोल काढून टाकत जा. इथेनॉल पाणी धरतं, वाटीच्या तळाला गंज येतो.

आणि दोन्ही चाकांच्या ट्यूब, टायर लिव्हर, पंप सोबत. ट्यूबच्या टायरला पंक्चर झालं की बहुतेक वेळा चाक काढावं लागतं, घाटघरला रात्री कोणी येणार नाही. घरी एकदा चाक काढून बसवून बघा, मग जा.

राजापूरकर
तुमच्या गाड्यांचं चालू द्या, पण एक विनंती आणि थोडा राग. आमच्या कोकणातल्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, पावसाळ्यात येऊन चाकं फिरवता, व्हिडिओ काढता. सडा म्हणजे नुसता कातळ नव्हे भावांनो. त्या दोन बोटं मातीत पावसाचे चार महिने काय काय उगवतं ते खाली बसल्याशिवाय दिसत नाही. त्यावरून एकदा टायर गेला की तो पट्टा पुढच्या वर्षीही उघडाच राहतो. कासला लोकांनी फुलं तुडवली म्हणून कुंपण घालायची वेळ आली. बांधावरून गाडी घातली की बांध फुटतो आणि खाचरातलं पाणी जातं, ते परत बांधायला तुम्ही येत नाही. २४५ मिलिमीटर क्लिअरन्स आहे म्हणून सगळीकडून जायलाच पाहिजे असं कुठे लिहिलंय?

खंबाटकी
राजापूरकर, ज्याला रस्ताच नको असतो त्याला सांगा. हलकी गाडी घेतली की लोकांना कुठेही घुसावंसं वाटतं, हा माझा मुद्दाच आहे.

राजापूरकर
नाही हो. आमच्याकडे आलेल्या सगळ्यात मोठ्या गटात तुमच्याच कंपनीच्या गाड्या होत्या.

माळावरचा
राजापूरकरांचं बरोबर आहे. बैलगाडीची, जंगल खात्याची, वाडीची जुनी वाट असेल तरच गाडी, आणि वाडीत विचारून. पावसात सडा नाही, फक्त वाट. माझ्या मते जुनी इम्पल्स तिथेच शोभते, कारण वाडीतल्या पोरालाही ती ओळखीची वाटते, तो जवळ येऊन "ही बंद झाली ना?" विचारतो आणि बोलणं सुरू होतं.

रानजाई
माझ्या एक्सपल्सकडे बघून विचारतात, "ताई, ही कितीला पडली?" बोलणं तेव्हाही सुरू होतं.

नवशिका_नाशिक
आज बघून आलो. गार होती, दुसऱ्या किकला चालू झाली, धूर नाही. हँडल मधोमध अडकतं. डाव्या फोर्कला तेल आहे. मोनोशॉक दाबला की खाली जातो आणि वर यायला वेळच लावत नाही, उसळतो. एचएसआरपी लावलेली नाही. आरसी पहिल्या मालकाच्याच नावावर आहे.

पाना_चौदा
उसळतो म्हणजे आतलं तेल गेलं. कोनसेट, सील, मोनोशॉक, रबरी पाइप, चेनसेट धरून बारा-पंधरा हजार बाजूला ठेवा. इंजिन चांगलं वाटतंय. २६ ला मिळाली तर बघा, ३० च्या वर नको.

कागदोपत्री
भाव नंतर. आरसी पहिल्याच्या नावावर असेल तर विकणारा आरटीओच्या नोंदीत मालकच नाही. पहिला माणूस सहीला प्रत्यक्ष येणार असेल तरच टोकन द्या.

माळावरचा
पहिला मालक सापडला तर त्याच्याकडे जुने काढून ठेवलेले पार्ट आहेत का विचारा. इम्पल्सवाले काही टाकत नाहीत.

रानजाई
नाशिकमध्येच २०२० ची एक्सपल्स ७८ ला आहे, एकच मालक. दुवा व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय. दोन्ही चालवून बघा, मग ठरवा.