रोजच्या नाशिक–सिन्नर फेरीसाठी विजेवरची लहान गाडी घ्यावी का?

मोहदरीचा वाटसरू:

नमस्कार. मी पाथर्डी फाट्याजवळ राहतो आणि सिन्नरजवळच्या मुसळगाव औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात गुणवत्ता विभागात नोकरी करतो. जाऊन-येऊन रोज सुमारे 70 किलोमीटर होतात. कामाचे 25 दिवस धरले तर महिन्याला 1,750. सध्याची पेट्रोल गाडी अकरा वर्षांची झाली आहे, ती लिटरला 15 किलोमीटरच्या वर जात नाही आणि महिन्याला पेट्रोलचेच बारा हजार रुपये होतात. कंपनीची बस आहे; परंतु मालाचा ट्रक फाटकाशी उभा असताना ‘माझी बस सुटेल’ असे म्हणून आमच्या विभागातून निघता येत नाही, त्यामुळे तो प्रयोग दोनदा करून सोडून दिला.

गेले दोन महिने विजेवरच्या लहान गाड्या पाहतो आहे. टाटांची टियागो ईव्ही आणि एमजीची कॉमेट या दोन्ही चालवून पाहिल्या. कॉलेज रोडवर कॉमेट फार आवडली, कारण तिची लांबी तीन मीटरही नाही आणि ती कोठेही उभी राहते. परंतु शिंदे टोलनाक्याच्या पुढे कंटेनरांच्या रांगेत त्या बारा इंची चाकांवर आपण रोज जाणार आहोत, हे मनात आले की पाय मागे येतो. टियागोबद्दल तशी भीती वाटली नाही.

पल्ल्याचे जाहिरातीतील आकडे कितपत खरे मानावेत, हा माझा पहिला प्रश्न आहे. त्याहून मोठी अडचण घरची आहे. आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो, वाहनतळातील जागा आमच्या नावावर आहे, पण मीटरची खोली जिन्याखाली आणि माझी जागा दुसऱ्या टोकाला, म्हणजे मध्ये तीस-पस्तीस मीटर अंतर आहे. सोसायटीच्या सचिवांना विचारले तेव्हा ‘एकाला दिले की उद्या सगळे मागतील’ असे उत्तर मिळाले. शिवाय घरात चारचाकी हीच एक राहणार असून डोंबिवलीला बहिणीकडे वर्षातून चार-पाच वेळा जाणे होते. विक्री प्रतिनिधीने कर्जाच्या व्याजावर प्राप्तिकरात दीड लाखांपर्यंत वजावट मिळेल असेही सांगितले आहे. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

गोदाकाठची:

मी गंगापूर रोडहून त्र्यंबकेश्वरजवळच्या एका शाळेत रोज जाते आणि तीन वर्षे विजेवरचीच लहान गाडी वापरते आहे. पुढे तिची एक तक्रारही सांगणार असल्याने गाडीचे नाव मुद्दाम लिहीत नाही.

पल्ल्याच्या आकड्यापुढे बारीक अक्षरांत ‘एमआयडीसी’ असे लिहिलेले असते. आपल्या नाशकात एमआयडीसी म्हटले की सातपूर-अंबड डोळ्यांपुढे येते. येथे मात्र त्याचा अर्थ मॉडिफाइड इंडियन ड्रायव्हिंग सायकल असा आहे, म्हणजे प्रयोगशाळेत रोलरवर ठरावीक वेगाने गाडी चालवून केलेली मोजणी. टियागो ईव्ही 2022 मध्ये आली तेव्हा 19.2 युनिटांच्या बॅटरीला 250 किलोमीटर आणि 24 युनिटांच्या बॅटरीला 315 किलोमीटर असे आकडे दिले होते, कॉमेटच्या 17.3 युनिटांच्या बॅटरीला 230. माझ्या अनुभवात जाहिरातीच्या साधारण दोन-तृतीयांश हाती लागतात, आणि श्रावणात त्र्यंबकच्या पावसात काचेवरची वाफ घालवण्यासाठी एसी सतत चालू ठेवावा लागला तर त्याहून थोडे कमी. या हिशेबाने तुमचे रोजचे 70 किलोमीटर यांतील कोणतीही गाडी संध्याकाळी अर्धी बॅटरी शिल्लक ठेवून सहज करील. रोजच्या फेरीसाठी पल्ल्याची चिंता सोडून द्यावी.

डोंबिवलीचा विचार वेगळा करावा लागेल. जाताना कसारा घाट उतरताना गाडी ब्रेकच्या जागी मोटरच जनित्रासारखी वापरून थोडी वीज परत साठवते, त्यामुळे जाणे सुखाचे होते. लोक येतानाच्या चढाला घाबरतात. चौघे बसलेल्या गाडीचे वजन 1,400 किलो आणि घाटाची उंची 300 मीटर धरली, तर निव्वळ उंची चढण्यासाठी सव्वा युनिटाच्या आसपासच ऊर्जा लागते. माझे यजमान भौतिकशास्त्र शिकवतात, त्यांनी हे गणित मला पाकिटाच्या मागे मांडून दाखवले तेव्हा कुठे माझी भीती गेली. बॅटरी खरी संपते ती महामार्गावर ताशी 100 ने चालवल्यावर. 75–80 वर ठेवली तर फरक डोळ्यांना दिसतो. मोठ्या बॅटरीची गाडी घेऊन वाटेत एकदा जलद चार्जिंगला थांबलात तर चहा होईपर्यंत काम होते. कॉमेट बाजारात आली तेव्हा तिला जलद डीसी चार्जिंगची (सार्वजनिक केंद्रावर बॅटरीत थेट एकदिश वीज भरण्याची) सोयच नव्हती, म्हणून एकुलत्या एका गाडीसाठी मी ती सुचवणार नाही.

आता तक्रार. दुसऱ्या वर्षी ऐन परीक्षेच्या सकाळी गाडी सुरूच होईना. मोठ्या बॅटरीत 80 टक्के चार्ज असावा, कारण रात्रीच भरली होती. पण पडदा काळा आणि दारे किल्लीला दाद देईनात. दिवे, कुलपे आणि संगणक ज्या साध्या 12 व्होल्टच्या बॅटरीवर चालतात, ती मेली होती. सेवा केंद्राने आधी ‘सॉफ्टवेअर’ असे सांगून दोन दिवस गाडी ठेवून घेतली आणि शेवटी तीच बॅटरी बदलली. तेव्हापासून दर सहा महिन्यांनी मी तिची तपासणी करून घेते.

जुना अंबडकर:

माझे मत वेगळे आहे. विजेच्या गाडीवर ऑगस्ट 2019 पासून 5 टक्के जीएसटी आहे हे खरे. परंतु 22 सप्टेंबर 2025 पासून लहान पेट्रोल आणि सीएनजी गाड्यांचाही दर 28 टक्क्यांवरून 18 टक्क्यांवर आला, त्यामुळे सीएनजी गाडी आता बरीच स्वस्त पडते. सीएनजीची लहान गाडी किलोला 25 किलोमीटर देते, म्हणजे तुम्हाला महिन्याला 70 किलो लागतील. किलोला 92 रुपये धरले तर साडेसहा हजारांच्या आत. विजेचे तीन हजार धरले तरी महिन्याची बचत साडेतीन हजार. खरेदीच्या किमतीत दोन लाखांचा फरक असेल तर तो भरून निघायला जवळजवळ पाच वर्षे जातात, आणि पाच वर्षांनंतर विजेच्या जुन्या गाडीला गिऱ्हाईक काय भाव देईल हे आज कोणीही छातीठोकपणे सांगू शकत नाही. बॅटरीला आठ वर्षांची हमी असली तरी दुसरा मालक ती कशी वाचतो, त्यावर भाव ठरतो.

माझ्याकडे सीएनजीच आहे. पंपावरच्या रांगेबद्दल मात्र काही बोलत नाही. ती सोसावीच लागते.

दीड लाखांच्या वजावटीबद्दल: ते कलम 80 ईईबी होते आणि 1 एप्रिल 2019 ते 31 मार्च 2023 या काळात मंजूर झालेल्या कर्जांनाच लागू आहे. आज कर्ज घेणाऱ्याला ती वजावट मिळत नाही. प्रतिनिधीला हे सांगा आणि मग त्याने सांगितलेल्या बाकीच्या गोष्टीही एकदा तपासून घ्या. तृतीयपक्ष विम्याच्या हप्त्यात विजेच्या गाड्यांना 15 टक्के सूट आहे, तेवढे खरे.

वायरमन सातपूर:

वरची चर्चा वाचली. गाडी कोणती, हे तुम्ही ठरवाल. मी वाहनतळापुरते लिहितो, कारण माझ्या पाहण्यात विजेच्या गाडीचे सुख-दुःख ती रात्री कोठे उभी राहते यावरच ठरते. घरी चार्जिंग होणार नसेल तर जुन्या अंबडकरांचे ऐकून सीएनजी घ्या. रोज सार्वजनिक चार्जरवर तासभर उभे राहणे तुमच्या नोकरीत जमणार नाही.

रोजच्या 70 किलोमीटरना तारेतील आणि चार्जरमधील तूट धरून आठ युनिट लागतील. गाडीसोबत मिळणारा 3.3 किलोवॅटचा चार्जर ते अडीच तासांत भरतो. मात्र तो ते अडीच तास सलग 14–15 अँपिअर ओढतो, आणि घोटाळा तेथेच होतो. आपल्या घरातील 15 अँपिअरचा सॉकेट गिझरसाठी पंधरा-वीस मिनिटे चालतो म्हणून टिकतो. इंदिरानगरमधील एका इमारतीत मला गेल्या उन्हाळ्यात बोलावले होते. गाडी ‘रात्री मध्येच भरायची थांबते’ अशी तक्रार होती. सॉकेट उघडला तर न्यूट्रलच्या बाजूची पितळी पट्टी काळीनिळी पडली होती, प्लगची एक पिन प्लास्टिकसकट वाकली होती आणि मागे जोडलेली तार दीड चौरस मिलिमीटरची, तीही लाइट पॉइंटमधून ओढलेली. गाडीचा काहीही दोष नव्हता. उलट ती प्लग तापल्याचे ओळखून थांबत होती, म्हणून इमारत वाचली.

तुमच्या 35 मीटरसाठी स्वतंत्र तार टाका. अडीच चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेत एवढ्या अंतरावर जाऊन-येऊन आठ व्होल्टच्या आसपास वाटेतच कमी होतात. चार चौरस मिलिमीटरमध्ये पाचांच्या आत राहतात, आणि पुढे मोठा चार्जर लावायचा विचार असेल तर सहाच घ्या. मीटरपाशी एमसीबी (जास्त भार आला की आपोआप पडणारा खटका), त्याच्या जोडीला 30 मिलीअँपिअरची आरसीसीबी (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा खटका), स्वतंत्र अर्थिंग आणि साध्या सॉकेटऐवजी झाकणाचा औद्योगिक सॉकेट बसवा. अर्थिंग मोजून घ्या. कित्येक इमारतींत हिरवी तार फक्त भिंतीत खुपसलेली असते, आणि अर्थ नसेल तर गाडी चार्ज घेतच नाही. फ्लॅटचा मंजूर भार दोन-तीन किलोवॅटच असेल तर तो वाढवण्याचा अर्ज आधी करा.

बिलाचेही पाहा. महावितरणच्या घरगुती दरात 100, 300 आणि 500 युनिटांवर टप्पे बदलतात. तुमच्या घरी समजा 180 युनिट जळतात. गाडीचे 200 मिळवले की 380. म्हणजे गाडीचे 120 युनिट दुसऱ्या टप्प्याच्या दराने आणि 80 त्याहून महाग तिसऱ्या टप्प्याच्या दराने लागतील. सरासरी पंधरा रुपये धरले तर वर लिहिलेले तीन हजार बरोबर येतात. बिलावरचा पहिल्या टप्प्याचा दर पाहून ‘हजारात होईल’ असे कोणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नका. महावितरणच्या दरपत्रकात वाहन चार्जिंगसाठी वेगळा वर्ग आहे, त्यात ही टप्प्यांची चढण नाही. पण दुसऱ्या मीटरचा स्थिर आकारही लागतो, म्हणून दोन्ही हिशेब कागदावर मांडूनच ठरवा.

सचिवांशी वाद घालू नका. त्यांची भीती दोन गोष्टींची असते: सामायिक मीटरमधून वीज जाईल आणि आग लागेल. तार तुमच्याच मीटरवरून येणार आहे, हे नकाशा काढून दाखवा आणि परवानाधारक ठेकेदाराचा चाचणी अहवाल देण्याचे लेखी कबूल करा. वाहन चार्ज करणे ही सेवा आहे, वीजविक्री नाही, असे केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने एप्रिल 2018 मध्येच स्पष्ट केले आहे, त्यामुळे परवान्याचा प्रश्न येत नाही.

मोहदरीचा वाटसरू:

सर्वांचे मनःपूर्वक आभार. जुन्या अंबडकरांचा हिशेब बरोबर आहे, परंतु त्यांनी पाच वर्षांत फरक भरून निघेल असे म्हटले आहे आणि मी गाडी अकरा वर्षे वापरणारा माणूस आहे, त्यामुळे पुनर्विक्रीची चिंता मला कमी वाटते. शिवाय रात्रपाळी संपवून येताना सीएनजीच्या रांगेत उभे राहण्याची माझी तयारी नाही. ताईंचे सव्वा युनिटाचे गणित घरी करून पाहिले आणि पटले.

वायरमनसाहेबांच्या सूचनेप्रमाणे काल बिल काढून पाहिले. मंजूर भार अडीच किलोवॅट निघाला, म्हणजे अर्ज करावा लागणार. रविवारी सोसायटीची सभा आहे. ना हरकत पत्र हाती आल्याशिवाय गाडीचे आगाऊ पैसे भरायचे नाहीत, असे ठरवले आहे. मिळाले तर 24 युनिटांची टियागो, नाही मिळाले तर मुकाट्याने सीएनजी. सभेत ‘उद्या सगळे मागतील’ हा मुद्दा पुन्हा आला तर काय सांगावे?

वायरमन सातपूर:

सगळे मागतील हे खरेच आहे, म्हणून आताच सर्वांसाठी एक केबल ट्रे टाकून घ्या, असे सांगा. प्रत्येकाने आपापली तार त्यातून न्यावी. तुमच्या गच्चीवर जागा असेल तर आणखी एक गोष्ट मांडता येईल. फेब्रुवारी 2024 मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत सोसायट्यांना सामायिक वापरासाठी किलोवॅटला 18,000 रुपये अनुदान आहे आणि त्या वापरात वाहन चार्जिंगही धरले आहे. लिफ्ट आणि पंपाचे बिल कमी होणार असे दिसले की विरोध करणारेही ऐकून घेतात.

आणि ते 35 मीटर पावलांनी मोजले असतील तर सभेआधी टेपने पुन्हा मोजा. तार मीटरपासून छताला चढते आणि खांबावरून खाली उतरते, त्यातच सहा मीटर जातात.