प्राधान्य कुटुंबाचं धान्य बंद: उत्पन्न मर्यादा की इष्टांक?

प्रश्न – माळरान
यवतमाळ जिल्ह्यातलं एक कुटुंब आहे. केशरी कार्ड, प्राधान्य कुटुंब योजनेत (अन्न सुरक्षा कायद्याखाली रेशनचं धान्य मिळणारा गट) पाच माणसं, दोन एकर कोरडवाहू. दोन महिन्यांपासून धान्य बंद आहे. दुकानदार म्हणतो, "उत्पन्न जास्त दाखवतंय." तहसीलला पुरवठा शाखेत तोंडी सांगितलं, "इष्टांक (लाभार्थ्यांचा ठरलेला आकडा) संपलाय, आता नाव बसणार नाही." थोरला मुलगा नुकताच कंत्राटी कामाला लागलाय. नेमकं कारण कसं शोधायचं? आणि तोवर या घराला दुसरा काही आधार मिळतो का?

उत्तर – सातबारा
आधी कार्डाची आजची स्थिती बघा. बारा अंकी आधार नंबर टाकला की मेरा राशन ॲपमध्ये योजना आणि सदस्य दिसतात. एक-दोन नावंच गळली असतील तर बहुधा ई-केवायसी, म्हणजे आधारवरून ओळख पटवणं, राहिलेली असते. ती दुकानातल्या ई-पॉसवर (अंगठा घेणाऱ्या मशीनवर) होते. म्हाताऱ्या माणसांचे ठसे उमटत नसतील तर डोळ्यांच्या स्कॅनरवर करून घ्या. पण सगळ्यांचंच धान्य थांबलंय म्हणजे कार्ड बिगर प्राधान्य गटात, म्हणजे अन्न सुरक्षा योजनेबाहेर, टाकलंय किंवा निष्क्रिय केलंय. सलग सहा महिने धान्य उचललं नसेल तरी कार्ड तात्पुरतं निष्क्रिय होतं आणि घरी पडताळणी व्हावी लागते. ही सगळी कारणं वेगळी, प्रत्येकाचा अर्ज वेगळा. दुकानदाराच्या हातात यातलं जवळपास काहीच नसतं, त्याच्याशी भांडण्यात वेळ घालवू नका.

उत्तर – पुरवठा टेबल
उत्पन्न आणि इष्टांक या दोन वेगळ्या अडचणी आहेत. मर्यादा ग्रामीणला वर्षाला 44,000 आणि शहरी भागात 59,000 रुपये, 2013 पासून तीच. पाच माणसांच्या घरात 44,000 म्हणजे माणशी दिवसाला साधारण 24 रुपये. मुलाचा कंत्राटी पगार त्यात धरला की घर लगेच बाहेर जातं, आणि घरचं पोट काही त्यामुळे लगेच भरत नाही. हा निकष फार जुना झालाय, हे उघड बोललं पाहिजे.

इष्टांक म्हणजे राज्याला केंद्राने ठरवून दिलेली लाभार्थ्यांची संख्या: ग्रामीण लोकसंख्येच्या 76.32 टक्के, शहरी 45.34 टक्के. सगळे मिळून सुमारे 7 कोटी. आकडा 2011 च्या जनगणनेवर बेतलेला, म्हणून नवीन नाव बसायला जुनं कमी व्हावं लागतं. पण "इष्टांक संपला" हे नवीन नाव न घेण्याचं कारण झालं. आधीपासून यादीत असलेलं घर काढण्याचं ते कारण नव्हे. काढलं असेल तर कारण लेखी मागा.

उत्तर – सातबारा
लेखी म्हणजे असं: तहसीलदारांच्या नावे अर्ज, दोन प्रती, एकीवर आवक क्रमांक आणि शिक्का. सोबत कार्डाची प्रत, सगळ्यांची आधार, चालू वर्षाचा उत्पन्नाचा दाखला आणि रहिवासाचा पुरावा. विनंती एका ओळीत: कोणत्या तारखेला, कोणत्या आदेशाने वगळलं त्याची प्रत द्यावी आणि फेरपडताळणी करावी. उत्तर येत नसेल तर अन्न सुरक्षा कायद्याच्या कलम 15 खाली जिल्हा तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे तक्रार, त्यावर राज्य अन्न आयोगाकडे अपील. हेल्पलाइन 1967 वर नोंद करा, तक्रार क्रमांक जपून ठेवा.

हक्क असताना धान्य दिलं नसेल तर कलम 8 चा अन्नसुरक्षा भत्ता मागता येतो. हिशोब 2015 च्या नियमात आहे: हमीभावाच्या सव्वापट, वजा कायद्यातला वाटप दर. तो बहुतेक कोणी मागतच नाही.

माळरान
मुलाचं नाव कमी करून वेगळं कार्ड काढलं तर?

उत्तर – पुरवठा टेबल
तो खरोखर वेगळा राहत असेल, चूल वेगळी असेल, तरच. कागदावरची विभक्ती घरभेटीत उघडी पडते आणि मग दोन्ही कार्डं अडकतात. दुसरी चूक उत्पन्नाच्या दाखल्यांची. श्रावणबाळ पेन्शनसाठी 21,000 च्या आतला दाखला, शिष्यवृत्तीसाठी भलताच आकडा, असं एकाच वर्षात केलं की पडताळणीत खरं उत्पन्नसुद्धा कोणी मानत नाही.

उत्तर – कापूसवेचणी
यवतमाळ असल्यामुळे एक वाट आहे. मराठवाड्याचे आठ आणि यवतमाळ, वर्धा, अमरावती, अकोला, वाशीम, बुलढाणा अशा 14 जिल्ह्यांत अन्न सुरक्षा योजनेत नसलेल्या केशरी कार्डधारक शेतकऱ्यांना धान्याऐवजी माणशी महिना 170 रुपये थेट खात्यात मिळतात. आधी 150 होते, 2024 मध्ये वाढवले. पाच जणांचे 850. सातबारा, कार्ड, आधार जोडलेलं बँक पासबुक घेऊन तहसीलला अर्ज द्या. खाते कुटुंबप्रमुख महिलेचं द्यावं, आणि बँकेत नुसतं आधार दिलंय की पैसे जमा होण्यासाठी तेच खातं आधारशी जोडलंय, हे शाखेत विचारून घ्या. पैसे अडकतात ते बहुतेक तिथेच. प्राधान्य गटात परत घेतलं की ही रक्कम थांबेल, म्हणून दोन्ही अर्ज देताना एकात दुसऱ्याचा उल्लेख करा.