सोसायटी ग्रुपवरची चर्चा : फोन ठणठणीत आहे, पण त्यावर बँक नको

२०३ काका : नमस्कार मंडळी. सकाळपासून बँकेचं ॲप उघडत नाहीये. 'या फोनवर ॲप चालणार नाही, अँड्रॉइड अपडेट करा' असं येतं. सेटिंगमध्ये बघितलं तर फोन म्हणतो, 'तुमची सिस्टीम अद्ययावत आहे'. आता खरं कोणाचं मानायचं? फोन उत्तम चालतोय, स्क्रीनवर ओरखडासुद्धा नाही.

१०२ : काका, नेटवर त्या ॲपची जुनी एपीके फाइल, म्हणजे ॲप थेट फोनमध्ये टाकायची फाइल, मिळते. ती टाकली की चालू होईल. लिंक टाकू का?

५०४ ताई : लिंक टाकू नकोस रे, प्लीज. बँकेचं ॲप प्ले स्टोअरशिवाय कुठूनही घ्यायचं नाही. बाहेरच्या एपीकेमध्ये कोणी काय घुसडलंय ते आपल्याला बघून कळत नाही. आणि फाइल खरी निघाली तरी जुनी आवृत्ती बँकेचा सर्व्हर कधीही नाकारू शकतो. म्हणजे काका पुन्हा तिथेच.

५०४ ताई : काका, दोघंही खरं बोलतायत. 'अद्ययावत' म्हणजे कंपनीने तुमच्या मॉडेलसाठी जे शेवटचं अपडेट पाठवलं ते तुमच्याकडे आहे, एवढंच. त्यानंतर पाठवणंच बंद केलं, हे फोन सांगत नाही. सेटिंगमध्ये 'फोनविषयी' उघडा, त्यात अँड्रॉइड व्हर्जनवर दाबा. 'सिक्युरिटी अपडेट' असं लिहिलेलं दिसेल. त्यापुढची तारीख सांगता का?

२०३ काका : अँड्रॉइड ९. तारीख १ जानेवारी २०२०.

५०४ ताई : मग बँकेने अडवलं ते बरंच झालं. कारण सांगते. मे २०२० मध्ये 'स्ट्रँडहॉग २.०' नावाची त्रुटी जाहीर झाली. अँड्रॉइड ९ आणि त्याआधीच्या फोनना ती लागू होती, १० ला नव्हती. फोनमध्ये एखादं खोटं ॲप आधीच शिरलं असेल, तर तुम्ही बँकेच्या खऱ्या आयकॉनवर बोट ठेवलंत तरी समोर त्या खोट्या ॲपचं लॉगिनचं पान येऊ शकतं. पान हुबेहूब बँकेसारखं. तुम्ही पासवर्ड टाकता आणि तो भलत्याकडे जातो. गूगलने त्यावर पॅच, म्हणजे दुरुस्ती, दिला, पण तुमच्या फोनला मिळालेला शेवटचा पॅच त्याच्याही आधीचा आहे.

ही एक त्रुटी झाली. ऑगस्ट २०१५ पासून गूगल जवळजवळ दर महिन्याला अशा दुरुस्त्यांची यादी जाहीर करतं. ज्यांना पॅच मिळतो त्यांचं भलं होतं. ज्यांना मिळत नाही, त्यांच्या फोनमध्ये नेमकं काय उघडं राहिलंय हे ती यादी वाचणाऱ्या चोरालाही कळतं. म्हणून मी फोन किती जुना आहे हे कधी विचारत नाही, पॅचची तारीख विचारते.

३०१ : ताई, पण हा सगळा नवे फोन खपवायचा उद्योग नाही का? धडधाकट फोन दरवेळी फेकायचा? त्या कचऱ्याचं काय?

५०४ ताई : दादा, तुमचा राग अगदी रास्त आहे, मलाही या गोष्टीची चीड आहे. हार्डवेअर चांगलं असताना दोन-तीन वर्षांत अपडेट बंद करणं ही कंपन्यांची मर्जी आहे, नाइलाज नाही. २०१३ चा आयफोन ५एस घ्या, त्याला जानेवारी २०२३ मध्येसुद्धा सुरक्षेचं अपडेट आलं होतं. गूगलने पिक्सेल ८ पासून आणि सॅमसंगने गॅलॅक्सी एस२४ पासून सात वर्षांचा शब्द दिलाय. म्हणजे मनात आणलं तर जमतं.

आणि फोन फेका असं मी म्हणतच नाहीये. त्यावर गाणी ऐका, रेडिओ लावा, नातवंडांशी बोला. फक्त पैशांचे व्यवहार त्यावरून हलवा.

२०३ काका : मग ॲप सोडून त्याच फोनच्या क्रोममधून बँकेची साइट उघडली तर?

५०४ ताई : त्याच फोनवर नको, काका. २०२५ मध्ये क्रोमने अँड्रॉइड ८ आणि ९ ला नव्या आवृत्त्या देणं थांबवलं. म्हणजे ब्राउझरही जुनाच राहणार. घरात अपडेट मिळणारा कॉम्प्युटर असेल तर त्यावरून साइट उघडा, ते चांगलं. पत्ता स्वतः टाइप करायचा, मेसेजमधल्या लिंकवरून जायचं नाही.

एक गोष्ट लोक हमखास विसरतात. कॉम्प्युटर नवा, पण ओटीपी येतो कुठे? त्याच जुन्या फोनवर. त्यातल्या एखाद्या ॲपला एसएमएस वाचायची परवानगी असेल तर ओटीपी त्यालाही दिसतो. त्यापेक्षा बँकेत नोंदवलेलं सिम साध्या बटणांच्या फोनमध्ये घाला. ज्यात ॲपच टाकता येत नाही असा फोन या एका कामाला जास्त भरवशाचा.

१०२ : ताई, कंपनीच्या अँड्रॉइडऐवजी लिनिएजओएस ही स्वयंसेवकांनी बनवलेली सिस्टीम टाकली तर? जुन्या फोनवर नवं अँड्रॉइड येतं, पॅचही येतात.

५०४ ताई : हा विचार चांगला आहे, फोनचं आयुष्य खरंच वाढतं. पण बँकेसाठी अडचण येते. ते टाकायला बूटलोडर, म्हणजे फोन सुरू होताना सिस्टीम तपासून चालू करणारा भाग, अनलॉक करावा लागतो. मग बँकेचं ॲप गूगलच्या प्ले इंटिग्रिटीला विचारतं की हा फोन मूळ स्थितीत आहे का, आणि उत्तर 'नाही' आलं की बरीच ॲप्स चालायला नकार देतात. मे २०२५ पासून तर अँड्रॉइड १३ आणि पुढच्या फोनवर त्यातला सर्वांत वरचा शेरा मिळवायला गेल्या वर्षभरातला सुरक्षा पॅच असावा लागतो. कुठली बँक कुठला शेरा मागते ते तिचं तिने ठरवायचं. शिवाय चिप आणि मोडेमचं (नेटवर्क सांभाळणाऱ्या भागाचं) आतलं सॉफ्टवेअर मूळ कंपनीच देते, ते जुनंच राहतं. तुझ्याकडे पडून असलेला फोन असेल तर हौसेने कर, शिकायला मिळेल. काकांच्या फोनवर नको. आणि अनलॉक करताना फोनमधला सगळा डेटा पुसला जातो, हे लक्षात ठेव.

४०१ काकू : माझा मुलाने दिलेला फोन आहे, अँड्रॉइड १२. बँकेचं ॲप छान चालतं. म्हणजे मी सुरक्षित ना?

५०४ ताई : काकू, ॲप चालतंय यावरून तसं ठरवता येत नाही. कुठल्या आवृत्तीपर्यंत चालू ठेवायचं हे बँक आपले ग्राहक किती तुटतील तेही बघून ठरवते. अँड्रॉइड १२ साठी गूगलने मार्च २०२५ नंतर दुरुस्त्या देणं थांबवलंय.

पण तुमची आणि काकांची गोष्ट सारखी नाही. अँड्रॉइड १० पासून सिस्टीमचे काही भाग प्ले स्टोअरच्या वाटेने अपडेट होतात. १२ मध्ये आणखी एक सोय आली : एखाद्या ॲपने दुसऱ्या ॲपवर अदृश्य पडदा टाकून तुमचा स्पर्श खालच्या बटणावर ढकलायचा डाव केला, तर सिस्टीम बहुतेक वेळा तो स्पर्श अडवते. तेव्हा आज घाबरून धावपळ नको, पण पुढचा फोन कधी घ्यायचा हे ठरवायला घ्या. तोवर नको असलेली ॲप्स काढा, व्यवहाराची मर्यादा ॲपमधून कमी करून ठेवा, आणि सेटिंगमधली 'ॲक्सेसिबिलिटी'ची यादी एकदा नीट बघा. ही परवानगी मुळात दिसायला-ऐकायला अडचण असणाऱ्यांना मदत करणाऱ्या ॲप्ससाठी असते. बँकेचे पैसे पळवणारी बहुतेक व्हायरस ॲप्स हीच परवानगी मागतात. ती मिळाली की स्क्रीनवरचं वाचता येतं, तुमच्या वतीने बटणंही दाबता येतात. अँड्रॉइड १३ पासून बाहेरून टाकलेल्या ॲपला ती सहजासहजी मिळत नाही. तुमच्या १२ मध्ये तो अडसर नाही.

२०३ काका : नवा घ्यायचा ठरवलं तर काय बघू? कॅमेरा-बिमेरा मला नको.

५०४ ताई : विक्रेत्याला एकच विचारा, 'या मॉडेलला सुरक्षा अपडेट कोणत्या वर्षापर्यंत?' उत्तर मिळालं नाही तर कंपनीच्या साइटवर बघा. हा काळ साधारणपणे मॉडेल बाजारात आल्यापासून मोजतात, आपण विकत घेतल्यापासून नाही. सवलतीत मिळणारं दोन वर्षांपूर्वीचं मॉडेल तेवढी वर्षं आधीच खर्च करून आलेलं असतं. अपडेट शिल्लक असतील तर वापरलेला फोनही चालेल.

फोन बदलताना घाई नको. बाकीची ॲप्स आपोआप नव्या फोनवर येतात, बँकेची नोंदणी मात्र नव्याने करावी लागते आणि त्याला नोंदवलेलं सिम लागतं. काही बँका नव्या फोनवरून सुरुवातीला थोडीच रक्कम पाठवू देतात, म्हणून मोठी रक्कम भरायच्या आदल्या दिवशी फोन बदलू नका. नवीन नीट चालू झाला की बँकेकडच्या नोंदवलेल्या फोनच्या यादीतून जुना फोन काढा, मग त्यातलं गूगल खातं काढा आणि शेवटी फॅक्टरी रीसेट, म्हणजे फोनमधलं सगळं पुसून टाका.

सेक्रेटरी : ज्यांना मेंटेनन्स ॲपवरून भरता येत नाही त्यांनी चेक दिला तरी चालेल. जुन्या फोनवरून खटपट करू नका.

४०१ काकू : अगं, ती यादी उघडली मी. त्यात एक पीडीएफ वाचायचं ॲप 'चालू' दिसतंय. मी कधी चालू केलं ते आठवत नाही.

५०४ ताई : काकू, आधी वायफाय आणि मोबाइल डेटा बंद करा. पीडीएफ वाचायला ही परवानगी लागायचं काहीच कारण नाही. 'अनात्सा' नावाचं बँक लुटणारं ॲप नेमकं असल्याच पीडीएफ रीडरच्या वेषात प्ले स्टोअरवरसुद्धा सापडलंय. तुमचं तेच असेल असं नाही, पण धरून तसंच चाला. परवानगी बंद करा आणि ॲप काढून टाका. मग काकांच्या फोनवरून, म्हणजे दुसऱ्या कुठल्याही फोनवरून, बँकेला कॉल करून ॲपचा वापर थांबवायला सांगा. पासवर्ड या फोनवरून बदलू नका. मी लॅपटॉप घेऊन खाली येते, त्यावरून बदलू.

४०१ काकू : डेटा बंद केलाय, सुनेच्या फोनवरून लिहितेय. परवानगी काढली, पण ॲप निघत नाहीये. 'अनइन्स्टॉल'चं बटण करडं दिसतंय.

५०४ ताई : म्हणजे त्याने ॲडमिनचीही, म्हणजे फोनवर ताबा ठेवायची, परवानगी घेतलेली असणार. फोन बंद करून ठेवा, आता काही दाबू नका. बँकेला कॉल आत्ता लावा. मी दोन मिनिटांत पोचते.