बॉयफ्रेंडच्या आईला दिवाळीला काय न्यावं? साडीचा रंग अडलाय

निळीशाई

नमस्कार मंडळी, प्रश्न जरा लांबलाय, सांभाळून घ्या.

मी मूळची परभणीची, नोकरी पुण्यात. आमचं दोन्ही घरी सांगून झालंय, साखरपुडा उन्हाळ्यात बघू म्हणतायत. यंदा दिवाळीच्या आधीच्या शनिवार-रविवारी मी त्याच्याबरोबर कराडला त्याच्या घरी जाणारे आणि तिथून पुढे परभणी. काकूंना (त्याच्या आईला) दोनतीनदा भेटलेय पण पुण्यात, हॉटेलात वगैरे. सणाला घरी पहिल्यांदाच, त्यामुळे रिकाम्या हाताने तर जाणार नाहीच.

काकू जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होत्या, आता रिटायर. काका २०२१ मध्ये कोविडमध्ये गेले. तेव्हापासून काकू फक्त फिक्या साड्या नेसतात, बदामी, राखाडी, मोतिया असल्या. टिकली बंद. त्याआधीचे फोटो बघितलेत मी, जांभळं काय, मोरपंखी काय, शाळेच्या स्नेहसंमेलनात तर गुलबक्षी साडी आणि हे एवढं मोठं कुंकू! घरात कुणी त्यांना असं कर तसं कर म्हणालं नाही असं हा म्हणतो, पण हा पुण्यात असतो त्याला काय कळणार.

झालं काय की लक्ष्मी रोडला मला चिंतामणी रंगाची एक इरकल दिसली आणि ती डोक्यातून जातच नाहीये. पण ती द्यावी का? अजून त्या घरची सून पण नाही मी, आणि पहिल्याच दिवाळीला असं काहीतरी देऊन त्यांना अवघडल्यासारखं झालं तर? माझी आई म्हणते पैठणी घे. मैत्रीण म्हणते ड्रायफ्रूटचा बॉक्स घे आणि विषय संपव. आणि हा म्हणतो "आईला काही नको असतं". बजेट चार-पाच हजार. गुडघे दुखतात त्यांचे, साखर बॉर्डरवर आहे, वाचन भरपूर. सांगा काहीतरी.

कोथरूडची मावशी

आधी पैठणीचं बोलते. चार-पाच हजारात हातमागाची पैठणी मिळत नाही गं बाई, मिळेल ती सेमी किंवा पॉवरलूमची. येवल्याची खरी पैठणी ओळखायची तर पदर उलटा करून बघायचा, मोर-पोपट मागच्या बाजूनेही तसेच स्वच्छ दिसले पाहिजेत, दोरे लोंबताना दिसले की समजायचं. आणि एवढी जड साडी गुडघेदुखीवाल्या बाईला नेसवून तू काय करणार, कपाटातच जाणार ती.

इरकल चांगली. अंगात सुती, पदर रेशमी घेतलास तर बजेटमध्ये आरामात बसते. दुकानदाराला पदराची जोडणी दाखव म्हण. खऱ्या हातमागाच्या इरकलीला अंगाचे ताणे आणि पदराचे ताणे एकेक फासा घालून मागावरच जोडलेले असतात, ते काम बघण्यासारखं असतं. इलकल गाव कर्नाटकात, बागलकोट जिल्ह्यात, पण आपल्याकडच्या बायकांनी इतकी वर्षं नेसलीय की परकी कुणी म्हणत नाही.

एक व्यवहाराची गोष्ट. साडी देणार असशील तर आत्ताच धाड. दिवाळीच्या तोंडावर टेलर ब्लाउज घेत नाहीत, फॉल-पिकोलाच आठ दिवस लावतात. आयत्या वेळी नेलेली साडी संक्रांतीलाच निघते.

रंगारी

मावशी बाकी सगळं बोलल्या पण मुख्य मुद्दा सुटला. इरकलीचं अंग चिंतामणी असो नाहीतर काळं, पारंपरिक इरकलीचा पदर लालच असतो, लालावर पांढरी टोकं. म्हणजे तुझी अडचण अंगाच्या रंगाची नाहीच, पदराची आहे. जुन्या वळणाच्या घरात तो लाल पहिला डोळ्यात येणार. हल्ली दुसऱ्या रंगाच्या पदराच्या पण मिळतात, विचारून बघ.

बाकी लाल नको पांढरं चालेल ही भानगड म्हणजे कमाल आहे. आमच्या पणजीच्या पिढीत ब्राह्मण घरातल्या केशवपन झालेल्या विधवेला आलवण नेसावं लागायचं आणि ते आलवण लाल! तेव्हा लाल सक्तीचं, आता लाल बंद. नियम करणाऱ्यांना रंगाचं काही पडलेलं नव्हतं, बाई लांबून ओळखू आली पाहिजे एवढंच होतं.

शिरोळ तालुका

मी हेरवाडच्या बाजूच्या गावचा. हेरवाड म्हणजे तेच, मे २०२२ मध्ये ज्या ग्रामपंचायतीने विधवा प्रथा बंदीचा ठराव केला, कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र-जोडवी काढणे हे गावात करायचं नाही म्हणून. त्याच महिन्यात सरकारने परिपत्रक काढून बाकीच्या ग्रामपंचायतींनाही हा कित्ता गिरवा म्हटलं. आम्हाला अभिमानच आहे त्याचा. पण ठराव ग्रामपंचायत करते आणि साडी बाईला नेसायची असते, चार लोकांत, जावा-नणंदांसमोर, हे पण खरं.

माझ्या आईचं सांगतो. वडील गेल्यावर दोनेक वर्षांनी बहिणीने भाऊबीजेला सगळ्या पाहुण्यांसमोर आईच्या हातात हिरवीगार साडी ठेवली. मन चांगलं होतं तिचं, काही वाईट नव्हतं. पण सगळे बघायला लागले की आता ही काय करते. आईने हसून साडी बाजूला ठेवली आणि नंतर ती कुणाला तरी देऊन टाकली. तीच साडी बहिणीने एकटीत दिली असती तर वेगळं झालं असतं असं मला अजून वाटतं. म्हणून ताई, काय द्यायचं ते द्या पण स्वयंपाकघरात द्या, त्या चकल्या पाडत असताना. हॉलमध्ये नको. फोटो तर अजिबातच नको.

आणि पाडव्याला नकोच. त्या दिवशी घराघरात बायको नवऱ्याला ओवाळते आणि ओवाळणी घेते, त्या बाईला तो दिवस आधीच जड जातो. तुम्ही आधीच्या शनिवारी जाताय ते बरं आहे.

डबल_बेल

सगळे साडीच्या मागे का लागलेत? तुला त्यांचा रंग बदलायचाय की भेट द्यायचीय, हे आधी ठरव. कदाचित त्यांना खरंच फिकं आवडायला लागलं असेल. माझ्या सासूबाई सधवा असून पन्नाशीनंतर राखाडीवरच आल्या, म्हणाल्या आयुष्यभर भडक नेसले आता डोळ्याला त्रास होतो. चिंतामणी तुला आवडलीय. तूच घे, छान दिसेल.

निळीशाई

@डबल_बेल लागलं 😅 पण बरोबर आहे. मला स्वतःलाच कळत नाहीये यातलं किती त्यांच्यासाठी आणि किती माझ्यासाठी.

@शिरोळ तालुका दादा, हे हॉलमध्ये नको वालं डोक्यातच आलं नव्हतं. मी तर गिफ्ट रॅप करून सगळ्यांसमोर द्यायच्या विचारात होते.

पुस्तकी किडा

रिटायर शिक्षिका, वाचन भरपूर, आणि दिवाळी! अहो उत्तर समोर आहे, दिवाळी अंक. १९०९ साली काशीनाथ रघुनाथ मित्रांनी 'मनोरंजन'चा पहिला दिवाळी अंक काढला तेव्हापासून मराठी माणसाची दिवाळी फराळ आणि अंक या दोनच गोष्टींवर चालते (फटाके मी मोजत नाही).

पण दुकानात जाऊन तयार संच उचलू नका. त्या कुठले अंक दरवर्षी घेतात ते काढा, ते वगळून घ्या, नाहीतर एकाच अंकाच्या दोन प्रती. त्याहून भारी म्हणजे बऱ्याच वाचनालयांत दिवाळी अंक योजना असते, ठराविक वर्गणी भरली की पुढचे काही महिने अंक बदलून बदलून न्यायचे. कराडात चौकशी करा. बाईला आठवड्यातून एकदा घराबाहेर पडायला कारण मिळतं, तिथे जुन्या सहकारी भेटतात, आणि तुमच्या बजेटचा बराचसा भाग शिल्लक राहतो. मोतीबिंदू वगैरे असेल तर मात्र आधी विचारा, बारीक टाइपाचे अंक म्हणजे शिक्षा होईल. मग स्टोरीटेलवर मराठी पुस्तकं ऐकायला लावून द्या, पण ते ॲप त्यांच्या मोबाईलवर तुम्ही बसून चालू करून द्यायचं, लिंक पाठवून मोकळं व्हायचं नाही.

निळीशाई

अपडेट. याची मोठी बहीण साताऱ्याला असते, ताईंना फोन केला (हे आधीच का नाही केलं असं विचारू नका). एकतर त्या म्हणाल्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, आता वाचन झकास चालू आहे. साडीबद्दल म्हणाल्या, आई स्वतःहून काही बोलत नाही, मागच्या लग्नसराईत मी एक अबोली रंगाची दिली होती ती नेसली एकदा. म्हणजे फिकं आणि रंगीत याच्या मधलं काहीतरी चालतंय.

पण खरी बातमी वेगळीच. काकू गल्लीतल्या भजनी मंडळात पेटी वाजवतात! हे या मुलाने मला कधी सांगितलं नाही, म्हणे त्यात सांगण्यासारखं काय. पेटी काकांची, जुनी, आणि तिचा भाता आता धरत नाही, सारखा हापसावा लागतो आणि काकूंचा खांदा दुखतो. नवीन घेऊया म्हटलं की नको म्हणतात. तर पेटी दुरुस्त करून देणं ही भेट होऊ शकते का? कुणाला यातलं कळतं का?

काळी चार

अखेर माझ्या कामाचा धागा.

होऊ शकते, आणि साडीपेक्षा चांगली होईल. आधी आजार काय ते बघा. सगळ्या खुंट्या बंद करायच्या, एकही पट्टी दाबायची नाही, भाता पूर्ण भरायचा आणि तसाच सोडून बघायचा. लगेच बसला तर हवा गळतेय. बऱ्याचदा घड्यांचे कोपरे फाटलेले असतात, झुरळं-उंदीर तर पेट्यांवर प्रेमच करतात. भात्याची दुरुस्ती किंवा नवीन भाता तुमच्या बजेटमध्ये बसायला हरकत नाही, पण पेटी बघितल्याशिवाय कुणी आकडा सांगत असेल तर त्याच्याकडे देऊ नका.

सुरांना (म्हणजे आवाज काढणाऱ्या आतल्या पितळी पत्त्यांना) मात्र गरज असेल तरच हात लावू द्या. सूर लावताना पितळी पत्ती घासतात, टोकाकडे घासली की सूर चढतो, मुळाकडे घासली की उतरतो, आणि नवशिक्याने जास्त घासली की पत्ती कायमची गेली. जुन्या पेटीत चांगले सूर असतात, काहीवेळा गुजरातेतल्या पालिताण्याचे निघतात, ते बदलून नवे घाला म्हणून कुणी गळ घातली तर सरळ नाही म्हणा. काकूंच्या कानाला तो काकांचा आवाज आहे हे सोडूनच द्या, नुसत्या पैशाच्या हिशेबानेही तोटाच आहे.

कराडहून मिरज लांब नाही. तिथे सतारमेकरांच्या गल्लीत पेटीचं काम करणाराही कुणीतरी सांगतील. (मिरजेच्या सतार-तानपुऱ्याला २०२४ मध्ये जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालं, लोकांना अजून पंढरपूरला जाताना लागणारं जंक्शन एवढंच माहितीये.)

कोथरूडची मावशी

म्हणजे पेटी त्याने दुरुस्त करायची आणि तू कौतुकाला उभी राहायचं, असं करा. आईचा खांदा दुखतो हे मुलाला माहीत नाही, आणि होणाऱ्या सुनेने धागे काढायचे, बरं आहे! निम्मे पैसे घे त्याच्याकडून. निम्मे कशाला, सगळेच घे.

निळीशाई

मावशी 😂 त्याला दाखवलं हे. म्हणाला मी आणून देतो पेटी मिरजेला, शनिवारी आईला न सांगता गाडीत टाकू, दिवाळीला सरप्राईज.

काळी चार

थांबा थांबा थांबा. सरप्राईज अजिबात नाही. दोन कारणं. वाजवणाऱ्याची पेटी न विचारता उचलून न्यायची नसते, कुठली पट्टी अडकते, कुठला सूर लागत नाही हे त्यांनाच माहीत, दुरुस्त करणाऱ्याला त्यांनीच फोनवर सांगायला पाहिजे. आणि दुसरं म्हणजे महिना बघा कुठला आहे! कोजागिरी ते त्रिपुरी पौर्णिमा काकडा असतो. मंडळाच्या बायका पहाटे देवळात जात असतील तर त्यांना पेटी रोज लागणार आणि तुम्ही ती मिरजेला नेऊन ठेवणार, काम आठवड्यात होईल म्हणाले तरी होत नाही. आधी विचारा काकडा आहे का. असेल तर त्रिपुरी होऊन जाऊ द्या, मग न्या.

निळीशाई

ताईंना विचारलं. आहे काकडा. पहाटे साडेचारला जातात म्हणे, पेटी शेजारचा मुलगा सायकलवर ठेवून नेतो.

म्हणजे पेटी त्रिपुरीनंतर, काकूंना विचारून. मग या शनिवारी हातात काय घेऊन जाऊ??

पुस्तकी किडा

अंक! मी केव्हाचा सांगतोय. आणि पहाटे साडेचारला जातात तर एक चांगली शाल, कराडला नदीकाठी गारठा पडतो तेव्हा.

रंगारी

शालीला मत. रंग अबोली घे.

डबल_बेल

रंग त्यांना विचारून घे. दुकानातून व्हिडिओ कॉल लाव की सरळ, काकू यातली कुठली म्हणून. शिक्षिका होत्या ना, बरोबर सांगतील.