कुकी प्रेस: कोणता घ्यावा आणि कणीक ट्रेला का चिकटत नाही?

नमस्कार मंडळी, मदत हवी आहे. सध्या मैत्रिणीचा प्लास्टिकचा कुकी प्रेस (नळीत कणीक भरून ती नक्षीच्या चकतीतून दाबून कुकी पाडायचं साधन) वापरतेय. खटका एकदा दाबला की एक कुकी पडते, असा. पडायला हवी, खरं तर! कणीक चकतीतून बाहेर येते, पण प्रेस उचलला की त्याच्याबरोबरच वर येते.

लोणी मऊ करून साखरेबरोबर फेटते, मग अंडं, व्हॅनिला आणि मैदा. बेकिंग पावडर घालत नाही, कारण कुकी फुगली की नक्षी जाते. कणीक फ्रिजमध्येही ठेवत नाही, घट्ट झाली तर बाहेरच येत नाही. ट्रेवर मात्र बेकिंग पेपर असतो. आता वाचलं की ट्रे कोरडाच हवा, ना तूप ना कागद, म्हणजे कणीक धातूला धरून राहते. मग भाजल्यावर कुकी सुटते का नीट? आणि दुसऱ्या घाण्यासाठी ट्रे पूर्ण गार होईपर्यंत थांबता का? गरम ट्रेवर लोणी लगेच वितळणार, हे उघड आहे.

स्वतःचा घ्यायचाय तो धातूचाच, हे जवळपास ठरलंय. प्रश्न खटक्याचा की वरून फिरवायच्या दांड्याचा? दांड्याच्या प्रेसमध्ये प्रत्येक कुकीला सारखीच कणीक कशी येते, कळत नाही. बॅटरीवाला नकोच.

चकत्या वीस मिळोत की पाच, मला फूल आणि चांदणी पुरे. बारीक नक्षीच्या चकत्या कोणी खरंच वापरतं का?